दिसतं तेवढंच

नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेमागे काचेची एक खोली होती. खोली कसली, कपाटच म्हणा. एक खुर्ची, एक माइक, समोर काच आणि काचेपलीकडे अख्खा रंगमंच. दर रविवारी दुपारच्या प्रयोगाला तिथं बसून ती नाटक सांगायची. प्रेक्षकांत दहाबारा जण असे असायचे की ज्यांना दिसत नसे. त्यांच्या कानात एक छोटं यंत्र असे आणि दोन संवादांमधल्या फटीत तिचा आवाज त्यांच्यापर्यंत जाई – नट उठला, दार उघडलं, तिनं पत्र फाडलं. बस. संवाद सुरू झाला की हिनं चूप बसायचं.

त्या रविवारी प्रयोग संपला, तिनं हेडफोन काढून पाण्याची बाटली तोंडाला लावली, तोच काचेवर टकटक झाली. दारात एक माणूस उभा. चाळिशीच्या अलीकडचा, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरी काठी, आणि चेहऱ्यावर खास भांडायला आलेल्या माणसाची प्रसन्नता.

“‘दुःखाने’ हे तुम्हाला कुणी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“काय?”

“शेवटच्या प्रवेशात तुम्ही म्हणालात, बाप दुःखाने खुर्ची भिंतीकडे वळवतो. दुःखाने, हे कुणी सांगितलं? खुर्चीने?”

आता, दोन तास घसा कोरडा करून बसलेल्या बाईला असं विचारल्यावर ती काय ओवाळणार आहे होय? ती म्हणाली, “मुलगी घर सोडून गेलीय. बाप तिची रिकामी खुर्ची वळवतो. आनंदाने वळवेल का?”

“रागाने वळवेल. लाजेने वळवेल. नाहीतर खालचा केर काढायचा असेल.” तो हसला. “तुम्ही मला नुसती खुर्ची द्या. दुःख करायचं की नाही, ते माझं मी बघतो.”

‘बघतो’ म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. तिला हसू आवरेना. मग तिला स्वतःचाच राग आला, कारण भांडण अर्धवट राहिलं होतं.

पुढच्या रविवारी तिनं तो शब्द गाळला. “बाप खुर्ची उचलतो. भिंतीकडे तोंड करून ठेवतो. हात खुर्चीच्या पाठीवरून काढत नाही.” एवढंच म्हणाली आणि थांबली. काचेतून तिला दिसलं, यंत्र लावलेल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी डोळ्यांना पदर लावला होता. प्रयोगानंतर पुन्हा टकटक.

“बघा काचवाल्या बाई,” तो म्हणाला, “एक शब्द कमी झाला आणि माझ्या शेजारच्या आजींना हुंदका फुटला.”

झालं. तेव्हापासून ती काचवाल्या बाई आणि तो सर.

सर म्हणजे खरेच सर. पंधरा वर्षं कॉलेजात कथा आणि नाटक शिकवलेले. दोन वर्षांपूर्वी नजर गेली, हळूहळू नाही, एका उन्हाळ्यातच. कॉलेजानं ठेवून घेतलं होतं, तासही चालू होते. पण नाटकाला एकटं यायचं, कानात कुणाचा तरी आवाज घ्यायचा, ही सवय नवी होती.

गुरुवारी ती वाचनालयात कथा ध्वनिमुद्रित करायची, तेही दिसत नसलेल्या वाचकांसाठीच. तो तिथंही येऊन बसायला लागला. काम काय, तर चुका काढणं.

“तुम्ही कथा अशी वाचता की शेवट तुम्हाला आधीच ठाऊक आहे.”

“ठाऊक असतोच ना. मी घरी वाचून येते.”

“मग विसरून या. कथेतल्या बाईला कुठं ठाऊक आहे?” तो खुर्ची पुढे ओढायचा. “आणि एक. लेखक जिथं घाईघाईनं पुढे जातो ना, तिथं तुम्ही थांबायचं. आशय छापून ठेवलेला नसतो, लपवलेला असतो. माणूस चार पानं पावसाचं वर्णन करतो आणि आईच्या मरणावर एक ओळ. मग कथा कशाची, पावसाची?”

ती ऐकत राहायची. इतकी वर्षं ती वाचत होती. पण वाक्य आखूड का होतं, लेखकाला दम कुठं लागतो, हे तिला कुणी दाखवलं नव्हतं. ते हिला दाखवलं कुणी, तर ज्याला दिसत नाही त्यानं. घरी जाताना ती मनातल्या मनात त्याचीच वाक्यं घोळवायची.

घरी वहिनी होत्याच. रविवारी ही आरशासमोर अर्धा तास उभी राहिली की त्या दारातून म्हणायच्या, “नाटक तेच, मग तयारी दर वेळी नवी का गं?” हिचे कान तापायचे. कारण प्रश्न वहिनींना वाटत होता त्यापेक्षाही अवघड होता. जो बघणारच नाही, त्याच्यासाठी कानातलं बदलायचं म्हणजे वेडेपणाच की. पण बदलायची.

एका गुरुवारी रिमझिम लागली होती, म्हणून दोघं वाचनालयाच्या पायरीवर छपराखाली थांबले. हातात कागदी पेल्यातला चहा. पन्हळीतलं पाणी तिच्या चपलेवर उडत होतं.

“काय दिसतंय?” त्यानं विचारलं.

“समोर एक माणूस डोक्यावर वर्तमानपत्र धरून पळतोय. वर्तमानपत्र भिजलंय. तो पण.”

“आणि इकडे? छपराखाली?”

“एक सर आहेत. चहा सांडतायत.”

“आणि सरांच्या शेजारी?”

“एक बाई आहे.”

“कशी आहे?”

“उभी आहे.”

“नाक?”

“आहे.”

“वा. शैली फार सुटसुटीत झालीय तुमची.” तो मजेत होता. “हल्ली रविवार यायला फार वेळ लावतो, नाही?”

तिच्या छातीत असं काही धडधडलं, की पावसाच्या आवाजात त्याला ते ऐकू जाऊ नये म्हणून ती सरकून उभी राहिली. आणि तेवढ्याच धिटाईत तिनं विचारून टाकलं, “सर, तुम्ही कुठं घाई करता? कुठली गोष्ट एका ओळीत उरकता?”

त्यानं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. “बायकोची,” तो म्हणाला.

पाऊस पडतच होता.

“आहे. कागदावर अजून आहे. नजर गेली तेव्हा ती रात्रंदिवस माझ्यामागे असायची. शर्टाचं बटण लावायची, ताटात घास दाखवायची. मला वाटलं, ही आता बायको नाही, परिचारिका झाली. एक दिवस म्हटलं, मला तुझी कीव नको, जा. ती म्हणाली, कीव नाहीये. मी म्हटलं, चेहरा दिसत नाही तोवर मी कसं मानू? … गेली. आता माहेरी असते.”

एका ओळीत काही उरकली नाही ती गोष्ट. तिनं ती ऐकली, आणि त्या दिवशी घरी जाताना कुठलंही वाक्य घोळवलं नाही.

मन मात्र हट्टी. दोन वर्षं होत आली की, असं ते म्हणायचं. गेलेली बाई कशाला परत येते? रविवार येत राहिले. काचेवर टकटक होत राहिली. एकदा जिना उतरताना त्यानं तिचा कोपर धरला आणि शेवटची पायरी संपल्यावरही लगेच सोडला नाही. तेवढ्यावर तिचा आठवडा गेला.

नाटकाचा शेवटचा प्रयोग होता त्या रविवारी तो आधीच आला. चेहरा उतरलेला.

“तिचा निरोप आलाय,” तो म्हणाला. “मी इथं येतो हे कुणीतरी सांगितलं असणार तिला. मोबाइल वाचून दाखवतो ना, त्या यंत्राच्या आवाजात ऐकला. त्या आवाजात प्रेमपत्रसुद्धा बँकेच्या नोटिशीसारखं वाटतं.” तो हसला नाही. “तीन वाक्यं आहेत. ‘आज मी प्रयोगाला येतेय. प्रयोग संपल्यावर सहाव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर थांबेन. तुला नको असेल तर येऊ नकोस, मी समजेन.’ बस. एक विशेषण नाही. मी दहा वेळा ऐकलं. दयेची शैली अशीच नीटनेटकी असते, काचवाल्या बाई. पण… पक्कं सांगता येत नाही मला. पंधरा वर्षं मुलांना आशय शोधायला शिकवलं, आणि या तीन वाक्यांपुढे मी ढ.”

“मग जाऊन बोला त्यांच्याशी.”

“आवाज ती आवरते. तिला येतं ते. चेहरा नाही आवरता येत तिला, कधीच येत नव्हता.” तो थांबला. “तुम्ही बघाल? प्रयोग संपल्यावर, इथूनच. मला सांगा फक्त. कीव असेल तर मी मागच्या दारानं जाईन, आणि तो विषय कायमचा संपला. मग मला… दुसरं काही तुमच्याशी बोलायचंय.”

दुसरं काही! तिला कळलं नाही असं कसं म्हणावं? एवढी काही ती भोळी नव्हती.

त्या दुपारी तिनं नाटक कसं सांगितलं, तिचं तिला ठाऊक. पडदा पडला, दिवे लागले, लोक उठले. सहाव्या रांगेतली कडेची बाई उठली नाही. हिच्याएवढीच असेल वयानं. साधा निळा ड्रेस. तो काचेच्या खोलीत हिच्या शेजारी उभा होता, श्वास रोखून.

एकच शब्द पुरला असता. ‘कीवेने बघतायत’ म्हटलं असतं की संपलं. कोण तपासणार होतं? ती काचेकडे बघत राहिली. त्या चेहऱ्यावर काय आहे ते तिला पहिल्याच क्षणी दिसलं होतं. तोच चेहरा ती दर रविवारी आरशात बघत होती.

“त्या बसल्यात,” ती म्हणाली. “मागे वळून दाराकडे बघतायत.”

“पुढे.”

“तिकडून कुणीतरी आलं. त्या अर्धवट उठल्या. दुसराच माणूस होता. परत बसल्या.”

“चेहरा?”

“ओठ दाबून धरलेत. डोळे पुसले नाहीत, ओले आहेत. ड्रेसची सुरकुती सारखी केली. केसांवरून हात फिरवला. तुम्हाला दिसत नाही हे त्यांना माहीत आहे. तरी केस नीट केले.”

त्यानं काठी हातात घेतली. म्हणाला, “न्याल मला तिकडे?”

जिन्याला अकरा पायऱ्या. त्याचा हात तिच्या कोपरावर. सहाव्या पायरीवर तो थांबला.

“आज तुमची सगळी वाक्यं आखूड होती.”

“वर्णन आखूडच असतं, सर.”

“नाही. रडू येऊ नये म्हणून माणूस असं बोलतो.”

“हा अर्थ तुम्ही लावताय.”

“चुकीचा लावतोय?”

खोटं बोलायची ही दुसरी संधी होती, आणि ही तर फार सोपी होती. “नाही,” ती म्हणाली. “बरोबर लावलात.”

त्याची बोटं तिच्या कोपरावर घट्ट झाली. “मग मला खरं का सांगितलंत? एका शब्दाचं काम होतं.”

“हो ना. आणि मग जन्मभर तुम्ही माझ्या डोळ्यांनी बघितलं असतं, सर. रोज विचारलं असतं, काय दिसतंय… आणि मला रोज त्या निळ्या ड्रेसमधल्या बाई दिसल्या असत्या.”

तो “मला माफ…” म्हणायला लागला, तिनं मध्येच सांगितलं, “अजून पाच पायऱ्या आहेत.”

दोघं खाली पोचली तेव्हा ती बाई उठून उभी होती. हिनंच त्याचा हात आपल्या कोपरावरून उचलला आणि त्या बाईंच्या हातात दिला. त्याचा हात गरम होता. त्यानं बोटांनी ते मनगट ओळखलं आणि त्याचा चेहरा असा मोडला, की पाच महिन्यांत हिनं तो तसा कधी पाहिला नव्हता. बाईंनी त्याच्या खांद्यावर कपाळ टेकलं.

ही चार पावलं मागे सरकली, खांबापाशी. जायला हवं होतं खरं तर. पण पाय उचलले नाहीत.

ती दोघं दाराकडे निघाली. दारात तो थबकला. मान वळवली, पण भलत्याच बाजूला, रिकाम्या रांगांकडे.

“काचवाल्या बाई?” त्यानं हाक मारली. “आहात ना?”

एक शब्द बोलली असती तर तो बरोबर तिच्याकडे वळला असता. आणि मग काहीतरी बोलला असता. आभाराचं, नाहीतर त्याहून वाईट. तिनं तोंडावर हात धरला.

तो बायकोकडे वळला. “त्या आहेत का गं इथं? बघ ना.”

बाईंनी बघितलं. खांबाशी उभी असलेली ती त्यांना समोर दिसत होती, तोंडावर हात, डोळ्यांतून पाणी. दोघींची नजरानजर झाली. हिनं मान हलवली, नाही म्हणून.

बायका बायकांचं ओळखतात म्हणतात, तसं काहीसं झालं असावं. बाईंनी डोळे मिटले, उघडले, आणि हळू आवाजात नवऱ्याला सांगितलं,

“नाही. गेल्या त्या.”