काट्याखालचा स्विच

लग्नाला दोन महिने झालेली कशफ बोलायची कमी. म्हणून तिला दिसतही कमीच, असा तिचे जेठ, म्हणजे थोरले दीर, अय्याजभाई यांचा समज. पुसदबाहेरच्या जिनिंगवरचा वजनकाटा त्यांच्या ताब्यात. कापसाचा भाव कोसळलेला, तरी ट्रॉल्यांची रांग होतीच, आणि रांगेवर दरडावण्यात त्यांची दुपार सुखात जायची.

कशफ काट्याच्या खोलीत संगणकापुढे बसली होती. काटा संगणकाला जोडणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, पुण्याच्या कंपनीचा. त्यातला एक जुना कॉलबॅक, बोलावलं तरच चालणारा कोडचा तुकडा, आता मोडीत निघाला, एवढी नोंद तिला लिहायची होती. पूर्वी काट्याखालच्या खड्ड्यात उतरणारा माणूस तिथला स्विच दाबायचा. संगणकाचा गाभा, कर्नल, त्या कॉलबॅकला बोलवायचा आणि ट्रॉल्यांपुढे दांडा आडवा पडायचा.

"आमची दुल्हन मेलेल्या कोडची मयत लिहून राह्यली," अय्याजभाई खिडकीतून म्हणाले. "स्विचची वायर त मीच तोडली. एक हमाल उतरला का धा ट्रॉल्या खोळंबत."

शहाण्यांशी वाद घालू नये, हे कशफ सासरी लवकर शिकली होती. खात्रीसाठी तिने कॉलबॅकमध्ये, कोणी बोलावलं तर पडद्यावर उमटेल अशी, एक ओळ घातली: 'खाली माणूस आहे.' ओळ उमटली नाही. तिने लिहिलं, 'वापरू नये. याला आता कोणी बोलावत नाही.'

खोलीत ओल्या सरकीचा वास दाटला. पडद्यावर ओळ आली. 'खाली माणूस आहे.' पुन्हा आली. बाहेर रांगेत पहिल्या असलेल्या रामधनच्या ट्रॉलीपुढे दांडा धाडकन पडला.

"काय केलं तू?"

"काही नाही, भाईजान... खाली कोण आहे?"

"कोण राह्यते? फैज जेवाले गेला."

खड्ड्यातून खोकला आला. तो कशफच्या नवऱ्याचा होता. काट्याचा एक कोपरा जॅकवर उचलून फैज खाली काम करत होता. भरली ट्रॉली वर चढली असती, तर...

अय्याजभाईंचा आवाज बसला. "मागच्या साली उकंडा हमाल असाच... आवाज द्याले काय झालतं त्याले?" मेलेल्यालाही त्यांनी झापलंच.

फैज वर आला. कशफने त्याचा ग्रीस लागलेला हात घट्ट धरला. पडद्यावर ओळी येतच होत्या.

अय्याजभाईंनी दांडा उचलायला हात घातला, तसा फैज सहज म्हणाला, "थांबा न भाईजान, कायची घाई हाय? तो हमाल येऊन राह्यला मागून... पाय अडकला म्हणे त्याचा."