दोन फेऱ्यांची यादी

"चप्पल बाहेर!"

संगणकाच्या खोलीच्या दारात सौदामिनी थबकली. तिला रागाने धाप लागली होती, आणि आत खुर्चीत बसलेला तो तरुण तिच्या तोंडाकडे नाही, पायांकडे बघत होता.

"आग लागली असली तरी चप्पल काढूनच आत यायचं का?"

"हाव. धुळीनं मशिन बिघडतं." मग त्याने हळूच मान वर केली. "लागली हाय का आग?"

"लागलीय. तुम्हीच लावलीय!"

तिने चपला दाराबाहेर भिरकावल्या आणि आत आली. कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता. बाहेर लातूरचं ऊन नुसतं भाजून काढत होतं.

नांदेडहून ती या क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवायला आली त्याला महिनाच झाला होता. रामलिंग हे नाव तिने फक्त सूचनांच्या खाली वाचलं होतं. आजच्या सूचनेखालीही तेच होतं. सराव परीक्षेची गुणवत्ता यादी फक्त शहरातल्या तुकड्यांची निघणार. शनिवार-रविवारी खेड्यांतून एसटीने येणाऱ्या दोन हजार मुलांना नुसते गुण मिळणार, क्रमांक नाही. आणि पहिल्या चाळीस जणांनाच संचालक वीरण्णा सर स्वतः शिकवणार होते!

"त्या मुलांनी काय घोडं मारलंय तुमचं?"

"माझं न्हाई, मशिनचं. सहा हजार नावांना पाच तास लागून राहिलेत, मॅडम. लाईट चार तासांत जाते. गेली की पुन्हा पहिल्यापासून. चार हजार नावं सव्वादोन तासांत होतात. सर म्हणाले, खेड्यातली काढा."

"आणि तुम्ही काढली. शाब्बास! दाखवा तो प्रोग्रॅम."

तिने स्टूल ओढलं. पडद्यावरच्या ओळी वाचता वाचता तिच्या भुवया वर गेल्या. एका मुलाचा क्रमांक काढायचा, तर सगळी फाईल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायची आणि त्याच्या पुढे किती जण आहेत ते मोजायचं. मग दुसरा मुलगा. पुन्हा सगळी फाईल.

"सहा हजार गुणिले सहा हजार... तीन कोटी साठ लाख वेळा! हे शुद्धीत लिहिलंय?"

"शुद्धीतच." त्याचा आवाज खाली आला. "भूकंपानंतर आमच्या गावात पत्र्याचे शेड कुणाला द्यायचे त्याची यादी केली. सरकारी माणसं एकदाच फिरली, अन् गेली. आमच्या पुनमचं नाव राहिलं. बहीण माझी, मायचा हात धरून रांगेत उभी... अन् यादीत न्हाईच! तवापासून मी एका फेरीत कुणाला मोजत न्हाई. परत परत बघतो."

सौदामिनीने पडद्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. त्याची बोटं कीबोर्डवर नुसतीच टेकली होती. तिचा राग मात्र गेला नव्हता.

"आणि आज?" ती हळू म्हणाली. "आज दोन हजार पुनम रांगेत उभ्या आहेत. तुम्हीच त्यांना गाळलंय."

तो दचकला. चापट बसल्यासारखा.

"गुण कितीपैकी?" तिने विचारलं.

"तीनशे. अर्धा गुण न्हाई कुणाला."

"माझे बाबा शाळेत पेपर लावतात, तेव्हा प्रत्येक पेपर दुसऱ्या प्रत्येक पेपराशी ताडत बसत नाहीत. सतरंजीवर गुणांप्रमाणे गठ्ठे घालतात. आपणही घालू. शून्य ते तीनशे, तीनशे एक कप्पे. पहिल्या फेरीत नुसतं मोजायचं, कुठल्या कप्प्यात किती. मग वरून बेरीज करत यायचं. दुसऱ्या फेरीत ज्याचा त्याला क्रमांक सांगायचा. झालं!"

"अन् कुणी सुटलं तर?"

"सगळ्या कप्प्यांची बेरीज करा. हजेरीपटाशी जुळली नाही, तर यादी छापूच नका."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग झरझर लिहू लागला. दोनदा तिने चूक दाखवली, एकदा त्याने तिची.

प्रोग्रॅम अर्ध्या मिनिटात थांबला.

"अडकला काय?"

"झाला!"

कप्प्यांची बेरीज सहा हजार बारा. हजेरीपटावरही सहा हजार बारा. रामलिंगने ती तीनदा बघितली. तिने बघू दिली.

प्रिंटर कुरकुरत पहिलं पान काढत होता, तेवढ्यात वीरण्णा सर आले. "नवीन मशिन मागवतोय मी. तोवर जरा..."

"हेच मशिन पुरलं, सर," सौदामिनी म्हणाली. "यादी पूर्ण आहे. सातवी आलीय शिरूर अनंतपाळची मल्लम्मा, रविवारची तुकडी. चाळिसांत अकरा जण खेड्यातले आहेत."

"पण सूचना लागली ना?"

"मी लावली, मीच काढतो," रामलिंग उभा राहत म्हणाला. "चाळिसांत चाळीसच बसतील, सर. कुठलेही असोत."

मान डोलावत सर पान घेऊन निघून गेले.

"साधं 'चुकलं' म्हणाले नाहीत!" सौदामिनी धुमसली. दाराबाहेर जाऊन तिने एक चप्पल पायात सरकवली. दुसरी कुठे उडाली होती कुणास ठाऊक... रामलिंगने ती जिन्याजवळून उचलून आणली आणि तिच्या पायाशी ठेवली.

"पहिल्या फेरीत नुसतं मोजायचं," तो म्हणाला. "दुसऱ्या फेरीत सांगायचं. असंच ना?"

"हो. का?"

"सव्वीस दिवस तुम्ही या खिडकीखालून जाता. मी मोजून राहिलो. माझी पहिली फेरी... झाली."

तिचे कान तापले. आत कूलर एकदम थांबला.

"मग दुसरी करा लवकर," ती चपलेकडे बघत म्हणाली. "सहा हजार वेळा बघत बसलात, तर लाईट जाईल."

"गेलीच हाय, मॅडम."

"मग बोला की एकदाचं!"