तहानेचा आवाज

"बाई, माझा खेळ चोरणारा सापडला. मुकुलच आहे. मी पोलीस ठाण्यात चाललेय."

फोनवर शिवांजली होती. शारदाबाईंनी तिला तुळजापूरच्या शाळेत शिकवलं होतं. निवृत्त होऊन वर्षं लोटली, तरी जुनी मुलं अडल्यावर त्यांनाच फोन करत.

"ठाणं कुठं पळून जात नाही. आधी तो खेळ मला दाखव. तुझ्यासोबत तो बनवणाऱ्या दोघांनाही बोलावून घे."

बाई तामलवाडीला पोचल्या, तेव्हा शिवांजली घरी लॅपटॉप उघडून बसली होती. 'सोंग' हा तिनं बनवलेला कॉम्प्युटरवरचा खेळ. लग्नघरात एक हेर शिरतो. कधी आचाऱ्याचे, कधी वाजंत्र्याचे कपडे चढवतो आणि पहारेकऱ्यांची नजर चुकवत आत पोचतो. आचारी होऊन पंगतीत बसला, की पकडला जातो. चित्रं मुकुलची, आवाज चुलतभाऊ सिद्धारामचे, बाकी सगळं तिचं. तोच खेळ आता दुसऱ्याच नावानं इंटरनेटवर विकायला आला होता.

शारदाबाईंनी तो पाहिला. लग्नघर तेच. पण शिवांजलीचा हेर म्हाताऱ्या मोलकरणीला नुसता कोठीत कोंडायचा. हा तिचा गळा दाबत होता. लुगडं ओढून घेत होता, आणि ते नेसून आरशात हसत होता.

बाईंच्या लहानपणी बहुरूपी यायचे. सोंग उतरलं, की ओसरीवर बसून चहा प्यायचे, पोरांना रंगाची डबी दाखवायचे.

"आवाज का बंद केलास?"

"ऐकवत न्हाय बाई. लई घाण विव्हळती ती."

"सुरू कर."

जाड, लांबलेलं विव्हळणं खोलीभर पसरलं. बाईंनी ते पुन्हा लावायला सांगितलं.

"हा आवाज तुमच्या खेळातला?"

"न्हाय. आमच्यात नुसती कडी वाजते."

तेवढ्यात दोघं आले. मुकुल कारकुनाचा मुलगा. त्याला पुण्यात नुकती नोकरी लागली होती. चोरीची तक्रार झाली, तर ती गेलीच. तो दारातच उभा राहिला. सिद्धाराम मात्र घरचा, सरळ आत येऊन बसला.

बाईंनी भलतंच विचारलं.

"तुझ्या आजीच्या, जगदेवीबाईंच्या शेवटच्या दिवसांत त्यांच्यापाशी कोण बसायचं?"

"मीच," शिवांजली म्हणाली. "बाबा, काका आधीच गेले. घरात दुसरं कोण होतं?"

"एक दुपार मी बसलो होतो," मुकुल म्हणाला. "शिवांजली औषधाला सोलापूरला गेली होती. आजी मराठी साफ विसरल्या होत्या. 'नीर कोड्री, नीर कोड्री' म्हणायच्या. मला कानडी येत नाही. तांब्याकडं बोट केलं, तेव्हा कळलं. पाजलं पाणी."

"बघा, आमच्या आजीची ह्यालाच लई माया," सिद्धाराम हसला. "फोन घिऊनच बसला असंल."

"आणि तू?"

"म्या लातूरला होतो. तिनं मराठी सोडल्यापास्नं घरात पाय ठिवला न्हाय. थेट मातीलाच आलो."

"शिवांजली, तो आवाज जरा वेगानं लाव."

तिनं लावला. विव्हळणं बारीक झालं आणि त्यातून शब्द निघाले.

"नीर कोडो… कोडो…"

"आजी," शिवांजली म्हणाली. मग ती मुकुलकडं वळली. "तूच बसला होतास."

"थांब. माझं माहेर आळंदचं. कानडी माझ्या कानात आहे, आणि तुझ्याही. 'कोड्री' म्हणजे द्या. 'कोडो' म्हणजे दे रे. मुलगी असती तर 'कोडे' म्हणाल्या असत्या. मुकुल परका, म्हणून त्याला 'द्या'. मराठी गेली तरी जगदेवीबाईंची रीत गेली नव्हती. 'दे रे' म्हणावं असा घरातला पुरुष एकच उरलाय."

सिद्धाराम उठू लागला.

"बस. नातवंडांशी त्या जन्मभर मराठीतच बोलल्या. कानडीत पाणी मागितलं ते शेवटीच. तेव्हा तू लातूरला होतास ना? मग 'रे' कुणाला म्हणाल्या?"

तो परत खाली बसला.

"कानडी कुणाला कळतंय तिकडं?" तो म्हणाला. "गिऱ्हाईक बाहेरच्या देशातलं. त्यांना खरा आवाज लागतो, बाई. सोंग करून कुणी आसं विव्हळत न्हाय."

"पाणी दिलंस?"

"आधी रेकॉर्ड केलं. मग तांब्या नेला. तवर तिचा डोळा लागला होता."

"मी मळ्यातून आले, तर तिचे ओठ फुटले होते," शिवांजली म्हणाली. "मला वाटलं, तापानं."

सिद्धाराम भिंतीकडं बघत राहिला. "आवाज मात्र झ्याक आला," तो पुटपुटला.

शारदाबाई उठून त्याच्यापासून दूर जाऊन बसल्या.

शिवांजलीनं ठाण्याला फोन लावला. चोरीच्या तक्रारीत सिद्धारामचं नाव लिहायला सांगितलं. तिकडून विचारलं असावं, हा तुमचा कोण.

"माझा कुणी न्हाय," ती म्हणाली. "आजीचा नातू."