पाठमोरी ताई

संध्याकाळी पाचला शाळेतून आल्या आल्या दप्तर भिरकावायचं, हातपाय धुवायचे आणि ताईला सुखाच्या जागी घेऊन जायचं, हे काम धाकटीच्या गळ्यात पडलं होतं.

ताईवर उपचार करणाऱ्या समुपदेशक मॅडमनी एक छापील कागद दिला होता. रोज दहा मिनिटं डोळे मिटून एखादी आवडती जागा मनात उभी करायची. काय दिसतं, काय ऐकू येतं, अंगाला काय जाणवतं, ते मोठ्यानं सांगायचं. दुसऱ्या कोणीतरी प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत उतरवायची. आईची औषधांच्या दुकानातली पाळी सातला संपायची. मग उरलं कोण? घरातली सगळ्यात रिकामटेकडी!

तक्रार करायलाही तोंड नव्हतं. जिनं धाकटीला पाण्यात ढकलून पोहायला शिकवलं, ती ताई दोन महिने स्वतःहून खोलीबाहेर पडली नव्हती. आंघोळीला उठवायचं तरी घरात रोज रणकंदन. येत्या सोमवारी कॉलेजात हजर झाली नाही, तर तिचं वर्ष हातचं जाणार होतं.

"कुठे आहेस?" धाकटीनं कागदावरचा पहिला प्रश्न विचारला.

"पोहण्याच्या तलावावर."

"छान. काय दिसतंय?"

"ती काठावर बसलीय. पाय पाण्यात सोडलेत."

"ती कोण?"

"मीच."

"मग 'मी बसलेय' म्हण ना, बाई!"

कागदावर नेमक्या त्याच ओळीखाली मॅडमनी दोनदा रेघ ओढली होती. स्वतःला लांबून बघायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांतून बघायचं. लांबून बघितलं की मन उलट जास्तच खट्टू होतं. एवढी सोपी गोष्ट! प्रथम पुरुष आणि तृतीय पुरुष पाचवीतल्या पोरांनाही कळतात. पण ताई म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. सोमवारी 'ती', मंगळवारी 'ती', बुधवारीही 'ती'च.

"मला तिची पाठ दिसते गं. मी काय करू?"

"तिच्या आत शिर!"

"घेत नाही ती आत."

धाकटीनं कपाळावर हात मारला आणि वहीत लिहिलं, 'आजही तेच.'

पण तेच नव्हतं. गुरुवारी मागची पानं चाळताना तिच्या लक्षात आलं. सोमवारी ताईनं त्या पाठमोऱ्या मुलीला फाटकातून पाहिलं होतं. मंगळवारी प्रेक्षकांच्या वरच्या पायरीवरून. बुधवारी शॉवरपाशी उभं राहून.

"आज?"

"आज अगदी मागे उभी आहे मी. तिच्या मानेवर तीळ आहे. दोन, एकमेकांना चिकटलेले. केसांच्या आत."

धाकटीनं उठून ताईचे केस वर केले. दोन तीळ, एकमेकांना चिकटलेले.

"तुला कसं माहीत?"

"दिसतायत ना समोर."

आईनं कधीतरी सांगितलं असणार, दुसरं काय! सात वाजता आई चपला काढतेय तोवरच धाकटीनं विचारलं.

"तीळ? तिच्या मानेवर?" आई म्हणाली. "मला आत्ता कळतंय."

मॅडमना फोन लावला, तर त्या खूश. "तपशील वाढतोय, चांगलं लक्षण आहे. फक्त त्या 'ती'चं 'मी' करून घे." करून घे! जसं काही दळण आणायचंय!

शुक्रवारी धाकटीचा संयम संपला. दुसऱ्या दिवशी गणिताची चाचणी, आणि इथे हा रोजचा व्याकरणाचा तास!

"ती काठावर बसलीय," ताईनं सुरुवात केली.

"बसू दे! किती दिवस बसणार आहे? तिला म्हणावं, आम्ही इथे ताटकळलोय. ऊठ आणि चल घरी!"

मिटल्या पापण्यांखाली ताईची बुबुळं हलत होती. बुबुळं थांबली.

खोलीत क्लोरिनचा वास आला.

धाकटीनं खिडकीकडे पाहिलं. बंद होती.

"तिनं ऐकलं," ताई पुटपुटली.

"काय?"

"मान वळवतेय."

"ताई, पुरे. डोळे उघड."

काही नाही. फोनवर लावलेल्या दहा मिनिटांच्या टायमरचे आकडे उलटे पळत होते. दोन मिनिटं. एक.

मग ताई हसली. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"पाणी गार आहे," ती म्हणाली. "मी पाय बाहेर काढतेय."

मी! धाकटीनं आनंदाच्या भरात वहीत ते अक्षर एवढं मोठं काढलं की पान फाटलं.

ताईनं डोळे उघडले आणि उठली. कोणी न सांगता आंघोळ केली, केस विंचरले, कॉलेजची बॅग भरली. आई घरी आली तेव्हा दार ताईनं उघडलं. आईनं स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तिथेच उभी राहिली.

जेवणाआधी दोघी बहिणी अंथरुणं बदलत होत्या.

"ताई, तिनं मान वळवली, तेव्हा काय दिसलं गं?"

"ही खोली," ताई म्हणाली. "तू पेन चावत बसली होतीस. शेजारच्या खुर्चीत एक मुलगी होती, डोळे मिटून. तू इतक्या हाका मारत होतीस, इतकी वैतागली होतीस! पण तिला काही उठवेना."

तिनं उशीचा अभ्रा ताणून सारखा केला.

"म्हणून मग मी उठले."