टाके विरघळेपर्यंत

जनावरांच्या दवाखान्यात मी बाकावर बसलो आणि आधीची माणसं एकेक करून लांब सरकली. खडूच्या तोंडाला फार वास येत होता. खडू म्हणजे माझ्या बायकोचं कुत्रं. पांढरं, मांजराएवढं, तेरा वर्षांचं.

मग एक बाई आल्या आणि सगळी मोकळी जागा सोडून नेमक्या माझ्या शेजारी बसल्या. खांद्याला निळा धागा चिकटलेला, मांडीवर जीभ लोंबणारी म्हातारी कुत्री.

"वास येतो," मी म्हणालो. "आधीच सांगतो."

"येऊ दे. मी कपडे शिवते. कोपऱ्यावरचं दुकान माझंच. लोक घामट शर्ट तसेच आणून टाकतात हो... त्यापुढे हा काहीच नाही. काय होतंय याला?"

"जेवत नाही. बायको जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून झुरतोय."

त्यांनी अंगठ्याने खडूचा ओठ हलकेच वर केला. मला तो कधी करू देत नाही, पण त्यांच्यापुढे गप्प राहिला.

"झुरत असेलही," त्या हळूच म्हणाल्या. "पण ही दाढ बघितलीत का?"

नव्हती बघितली. बायको रोज त्याचे दात घासायची. मला वाटायचं, नसते लाड! ती गेल्यावर त्या ब्रशला मी हात लावला नव्हता. दीड वर्ष खडूचे दात दुखत होते, आणि मला वाटत होतं आम्ही दोघं एकच दुःख करतोय.

डॉक्टर म्हणाले, भूल देऊन दात साफ करावे लागतील, काही काढावेही लागतील.

"जागेपणीच वरवर खरवडता नाही येणार?"

"वरून पांढरे दिसतील. रोग हिरडीच्या आत आहे."

मी नळदुरुस्तीची कामं करतो. नुसती तोटी घासून पाणी येत नाही, आतला पाइप साफ करावा लागतो, हे मीच लोकांना सांगत फिरतो. वाद घालायला तोंड नव्हतं. रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. वयामुळे थोडा धोका राहणारच, डॉक्टरांनी लपवलं नाही.

"विचार करून सांगतो," म्हणालो आणि निघालो.

बायकोचंही ऑपरेशन लहानच होतं. कागदावर सही मी केली होती. भुलीतून ती उठलीच नाही.

मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, या वयात कशाला त्याला त्रास? राहू दे सुखाने." मला तेच ऐकायचं होतं. पण त्या संध्याकाळी खडू हौसेने वाटीकडे गेला, एक घास घेतला आणि कळवळून टाकून दिला. भूक होती त्याला. सुख कुठलं?

दुसऱ्या दिवशी मी एक पँट घेऊन कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो.

"उंची तर बरोबर आहे," बाई टेप लावून म्हणाल्या.

"मग... कंबर बघा."

"अगंबाई! तुम्हीही दीड वर्ष जेवला नाहीत वाटतं."

हसायला आलं, आणि मग सगळं सांगून टाकलं. सहीचंसुद्धा. त्यांनी हातातलं काम थांबवलं.

"सही करा असं मी म्हणणार नाही. माझ्या हिचे अकरा दात काढले तेव्हा मी त्या बाकावर मेल्यासारखी बसले होते. तुम्ही सही केलीत, तर शेजारी येऊन बसेन. एवढंच माझ्या हातात."

गुरुवारी सही केली. अक्षर माझं वाटत नव्हतं. खडूला आत नेलं. बाई दुकान बंद करून आल्या होत्या.

"त्या दिवशीही असाच बाक होता," मी म्हणालो.

"हं," त्या म्हणाल्या. धीर दिला नाही, ते बरं केलं.

दीड तासाने दार उघडलं.

"शुद्धीवर आलाय," डॉक्टर म्हणाले. "पाच दात काढले. टाके आपोआप विरघळतील."

मी रडलो, अगदी हुंदके देऊन. खडू जगला म्हणून, आणि ती अशी उठली नव्हती म्हणून. बाईंनी माझ्या बाहीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

बाहेर आलो तेव्हा खडू टॉवेलात गुंडाळलेला होता, डोळे अर्धे मिटलेले.

"आता रोज घासायला सांगितलंय," मी म्हणालो. "माझे हात पाना धरणारे. तुम्ही... शिकवाल का?"

"एकदा दाखवलं की येतं."

"मला फार हळू येतं सगळं."

"किती हळू?"

"वर्षं लागतील बहुतेक..."

त्या खाली बघून हसल्या. खडूच्या अंगावरचा टॉवेल नीट केला.

"पण टाके विरघळेपर्यंत ब्रश लावायचा नाही. दोन आठवडे तरी."

"हो," मी म्हणालो. चेहरा पडलाच असणार माझा. "मग तोपर्यंत...?"

"तोपर्यंत नुसतीच येते."