दरवाजा लावण्यापूर्वीची हाक

सूर्य उगवता उगवता वेढा घातलेल्या लोकांनी तुळाजी सांगळेला सातवीणगडाच्या महादरवाजासमोरच्या टेकाडावर आणून उभे केले. त्याचे हात पाठीशी बांधलेले होते आणि डोके उघडे होते. पौषातले धुके दरीतून अजून उठले नव्हते. त्यामुळे गडावरून पाहणाऱ्यांना टेकाडाचा माथा आणि त्यावरचा तो एक माणूस अधांतरी तरंगत असल्यासारखे दिसले. गड आणि टेकाड यांच्यामध्ये एक अरुंद, खोल दरी होती. गडाच्या बंदुकीची गोळी तिच्यापलीकडे नेमकी लागत नसे. हाक मात्र स्पष्ट पोहोचे.

दरवाजावरच्या पहारेकऱ्यांनी त्याला ओळखले. एकजण किल्लेदाराला वर्दी द्यायला सदरेकडे धावला.

किल्लेदार नागोजी खराडे आले, कठड्याला हात टेकून उभे राहिले आणि बराच वेळ पाहत राहिले. तुळाजी त्या टेकाडावर कसा पोहोचला हे गडावरच्या प्रत्येकाला ठाऊक होते, कारण ते भर सदरेत घडले होते.

गडाच्या टाक्यांतले पाणी तळाला गेले होते. उरला होता तो कड्याच्या पोटातला एक झरा, आणि त्याच्याकडे जाणारी निसणीची, म्हणजे कड्याला लावलेल्या शिडीची, चोरवाट. तीच वाट पुढे खाली रानात उतरे. त्या वाटेने कोणीतरी बाहेर पडून कुमक आणावी म्हणून नागोजींनी तबकात विडा ठेवला. शत्रूच्या गोटात चौक्या दाट होत्या. जाणारा परत येण्याची आशा थोडी होती. विडा तसाच पडून राहिला. सदरेतली ती शांतता नागोजींना सोसली नाही आणि ते म्हणाले, "ज्याच्या बापाने गडाचा दरवाजा विकला नसेल, त्याने उचलावा."

दरवाजा विकल्याचा आळ असलेला बाप सदरेत एकाचाच होता. तुळाजीचा बाप सिदोजी कोंढगडाचा दरवाजा-नाईक होता. त्या गडाचा दरवाजा एका सकाळी शत्रूला उघडला गेला तो सिदोजीच्या हाताने, आणि त्याने लाच खाल्ली असे मुलखात बोलले गेले. सिदोजीने स्वतःचा बचाव केला नाही. तो खंगून मेला. तुळाजी ते ओझे घेऊन वाढला, या गडावर शिपाई झाला, पुढे नाईक झाला. त्या दिवशी त्याच्यापुढे दोनच गोष्टी होत्या: विडा उचलणे, किंवा बापाचा दोष आपल्या तोंडाने कबूल करणे. त्याने विडा उचलला, नागोजींना मुजरा केला आणि तो गेला. पहाटेच्या आतच खालच्या चौकीने त्याला धरले.

सातवीणगडाची एक जुनी रीत होती. दिवेलागणीला महादरवाजा लावण्यापूर्वी दरवाजा-नाईक नगारखान्यावर चढून, त्या दिवशी गडाबाहेर असलेल्या प्रत्येकाला नाव घेऊन तीनदा हाक मारी. हुद्दा, किताब, जात यांतले काही हाकेत नसे. माणसाचे नाव, बापाचे नाव आणि आडनाव, एवढेच. ओ आली तर दरवाजातली छोटी दिंडी उघडी ठेवीत. ओ आली नाही तरी नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा घेत. जोवर नाव हाकेत आहे तोवर माणूस गडाचा. फितूर झालेल्याचे नाव तेवढे गाळत.

तुळाजी धरला गेल्यावर त्याच्या नावाची हाक पहिल्या दोन संध्याकाळी झाली. तिसऱ्या दिवशी नागोजींनी दरवाजा-नाईक चांगोजी घुलेला बोलावून सांगितले, "उगाच वैऱ्याला ऐकवू नका. आपला माणूस मोलाचा आहे हे कळले तर ते त्याला जास्त छळतील."

चांगोजी वयाने मोठा होता. त्याने विचारले, "हे गडासाठी सांगता, की आपल्यासाठी?"

"हुकूम आहे," नागोजी म्हणाले.

हाक थांबली. ती रोज कानावर पडली असती तर नागोजींना रात्र काढणे कठीण झाले असते, ही खरी गोष्ट होती; पण नागोजी स्वतःशी रोज वेगळेच बोलत आले होते.

धुके विरल्यावर वेढ्यातला मुनशी लालचंद पांढरे निशाण घेऊन दरवाजाखाली आला. त्याने रीतसर सलाम केला.

"किल्लेदारसाहेब, तुमचा शिपाई नेक आहे. निसणीची वाट आम्ही त्याला नाना तऱ्हांनी विचारली. तो बोलला नाही. मग तुम्हीच आमचे काम हलके केलेत."

"मी काय केले?"

"त्याचे नाव बंद केलेत. तुमची हाक आमच्या छावणीत रोज ऐकू येते. तो ती ऐकायला उठून बसायचा. आता बसत नाही." मुनशीने मागे टेकाडाकडे पाहिले. "आज सांजेला तो इथेच उभा राहील. तुमची हाक झाली की त्याला एकदा शेवटचे विचारू. माझा अदमास असा, की तो सांगेल. त्याआधी गड खाली करायचा असेल तर माणसे, बायका, हत्यारे सगळे सन्मानाने उतरू देऊ."

"आणि मी आज त्याचे नाव घेतले तर?"

"जरूर घ्या. मुनशीने धमकावले म्हणून घेतले, असे मी त्याला सांगेन. ते खोटेही नसेल."

मुनशी गेला. वाट बुजवावी असे कोणी सुचवले नाही; बुजवली तर झरा जात होता, आणि झऱ्यावाचून गड चार दिवसही टिकला नसता.

त्या दिवशी नागोजी जेवले नाहीत. ते तटावर फेऱ्या घालत राहिले आणि त्यांचे ओठ हलत राहिले. पहारेकरी कुजबुजत होते. "किल्लेदारांची जीभ म्हणजे चकमक," एकजण म्हणाला. "दारूच्या कोठाराजवळ बोलू देऊ नका." दुसरा हसला, पण थोडाच; कारण त्याने किल्लेदाराचे पुटपुटणे जवळून ऐकले होते. एका फेरीत नागोजी म्हणत होते, "मी बोललो ते गडासाठी बोललो." परतीच्या फेरीत म्हणत होते, "मी गड घालवला. माझ्यामुळे गेला." दुपारपर्यंत हे शेवटचे वाक्य तटावरून पागेत आणि पागेतून चुलींपर्यंत गेले. एक-दोघींनी बोचकी बांधायला घेतली. अजून शत्रूचा एकही माणूस वाट चढला नव्हता आणि गडात गड पडल्याचे बोलणे सुरू झाले होते.

उन्हे कलल्यावर तुळाजीची आई राणूबाई तटावर आली. ती कोठीत दळणाचे काम करी. किल्लेदारापुढे ती सहसा येत नसे. आली तेव्हा पदराला हात पुसत आली.

"राव, दिवसभर कोणाशी बोलता?"

नागोजी थांबले. "स्वतःशीच, बाई."

"ऐकलं मी. एकदा म्हणता, गडासाठी बोललो. एकदा म्हणता, सगळं माझ्यामुळं झालं. पहिल्यात तुमचा दोष न्हाई. दुसऱ्यात तुमच्याबिगर कोणी न्हाई. माझा तुळाजी दोन्हीत कुठं हाय?"

नागोजींनी टेकाडाकडे पाहिले.

"त्याला हाक मारायची तर आधी स्वतःशी खरं बोलून बघा. तिथं जीभ अडखळली तर वर चढूच नका. त्याचा बाप न बोलता मेला. पोरानं खोटी हाक ऐकून मरू नये, एवढंच मागते."

ती वळली. नागोजींनी तिला थांबवले नाही. ते तसेच कठड्याला टेकून बसले आणि त्या दिवसात प्रथमच त्यांचे ओठ हलायचे थांबले. कितीतरी वर्षे त्यांनी स्वतःला कोंढगडाची जी गोष्ट एका ठरावीक शब्दांत सांगितली होती, ती त्यांनी आता साध्या शब्दांत मांडून पाहिली. पहिल्यांदा ती मध्येच तुटली. दुसऱ्यांदा त्यांनी भावाचे नाव टाळले आणि ते स्वतःच्याच लक्षात आले. मग त्यांनी प्रत्येक शब्द उचलून पाहिला, जसा वाणी नाणे दगडावर वाजवून पाहतो, आणि जो खोटा वाजला तो टाकून दिला. शेवटी फार थोडे शब्द उरले.

दिवेलागणीला चांगोजी नगारखान्याच्या पायऱ्या चढू लागला तेव्हा नागोजी त्याच्या आधीच वर उभे होते. समोर टेकाडावर तुळाजी होता, बाजूला मुनशी आणि चार भालाईत. गडावरचे लोक दरवाजाच्या चौकात गोळा झाले होते.

"हाक आज मी देतो," नागोजी म्हणाले.

चांगोजी बाजूला झाला. "रीतीने द्या. किताब नको, दटावणी नको."

नागोजींनी हाक दिली. "तुळाजी सिदोजी सांगळे."

चौकात हालचाल झाली. आजवर तुळाजीच्या हाकेत बापाचे नाव चांगोजीही गाळत आला होता. ते ओठांवर आणायला कोणी धजत नसे. टेकाडावरचा माणूस हलला नाही. मुनशी वाकून त्याच्या कानाशी काहीतरी बोलला.

नागोजींनी दुसरी हाक दिली नाही. त्यांनी आवाज न चढवता, पण दरीपलीकडे प्रत्येक अक्षर पोहोचेल असा संथ बोलायला सुरुवात केली.

"तुळाजी, तुझ्या बापाने कोंढगडाचा दरवाजा विकला नाही. तिथले किल्लेदार माझे थोरले भाऊ हणमंतराव होते. शत्रूशी बोलणे त्यांनी केले. दरवाजा उघडण्याचा हुकूम त्यांनी तोंडी दिला, आणि तो हुकूम घेऊन सिदोजीकडे गेलो तो मी. सिदोजीने मला दोनदा विचारले, खरेच का. मी दोनदा होय म्हटले. पुढे त्याच्यावर आळ आला तेव्हा त्याने आमचे नाव घेतले नाही, आणि मी गप्प राहिलो. त्या दिवशी सदरेत मी जे बोललो ते खोटे आहे हे बोलताना मला ठाऊक होते. तुझे नाव हाकेतून मी काढले. गडाने काढले नाही. आता तू काय करावेस हे मी सांगणार नाही. मला तो हक्क नाही."

मग त्यांनी दुसरी हाक दिली, आणि तिसरी. "तुळाजी सिदोजी सांगळे."

ज्या किल्लेदाराच्या शब्दावर ही माणसे इतके दिवस अर्धपोटी लढली होती, त्याने आत्ताच स्वतःचे घर फितुराचे असल्याचे सांगितले होते. एखाद्याने 'धरा याला' म्हटले असते तर दहा हात पुढे आले असते.

टेकाडावर तुळाजीने मान वर केली.

"ओ," तो म्हणाला.

एवढेच. भालाइतांनी त्याला ओढत माथ्याआड नेले. जाताना मुनशी लालचंद एकदा गडाकडे वळून पाहत उभा राहिला, मग तोही उतरला.

नागोजींनी कमरेची तलवार सोडून चांगोजीपुढे धरली. "मघाशी ऐकलेत. आता गड ज्याच्या हाती द्यायचा त्याच्या हाती द्या."

चांगोजीने तलवारीला हात लावला नाही. "वेढा उठेपर्यंत ती बांधूनच ठेवा," तो म्हणाला. "आज बाहेर झऱ्यावर दोन माणसे आहेत. त्यांची हाक राहिली आहे."

हाक पुरी करून नागोजी खाली आले तेव्हा राणूबाई पायरीशी उभी होती. त्यांनी तिच्यापुढे हात जोडले. तिने त्यांच्याकडे पाहिले.

"धनी गेले तेव्हा हे बोलला असतात," ती म्हणाली, "तर त्यांच्या तेराव्याला माणसं आली असती."

त्या रात्री निसणीवर पहारा दुप्पट केला गेला. कोणी आले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दगड लोटायला तयार ठेवलेली माणसे आळीपाळीने झोपली आणि उठली. वाटेवर शत्रूचा पाय पडला नाही. माघ संपता संपता वरून हुकूम आल्यामुळे वेढ्याची फौज उत्तरेकडे हलली. रिकाम्या छावणीत गडकऱ्यांनी शोध घेतला. राखेचे ढीग, तुटकी खोगिरे आणि चार मेलेले बैल सापडले. तुळाजी सापडला नाही, त्याचे प्रेतही नाही.

नागोजींनी स्वतः खबर दिल्यावरून चौकशी झाली. हणमंतराव हयात नव्हते; त्यांच्या मुलांचे वतन अमानत, म्हणजे सरकारजमा, झाले आणि त्यांनी चुलत्याचे तोंड पाहणे सोडले. नागोजींकडून किल्लेदारी गेली. सिदोजी सांगळेवरचा आळ सदरेत दूर केल्याचे जाहीर झाले, त्या दिवशी राणूबाई सदरेला आली नाही. तिचे दळण होते. नागोजी दरवाजाजवळच्या एका खोपटात राहू लागले. ते कमी बोलत. कोणी काही विचारले तर थोडे थांबून उत्तर देत, आणि त्यांच्या थांबण्याची पोरे नक्कल करीत.

वर्षाने मीठ घेऊन आलेल्या एका वंजाऱ्याने दरवाजात बसून सांगितले, की बऱ्हाणपुरापलीकडे एका सरदाराच्या पागेत त्याने एक दख्खनी कैदी पाहिला. घोड्यांना दाणावैरण करतो. कोणाशी बोलत नाही. दिवेलागणीला मात्र हातातले काम ठेवून उभा राहतो, दक्षिणेकडे तोंड करतो आणि एकदाच 'ओ' म्हणतो. पागेतले लोक त्याला वेडा समजतात.

"नाव काय त्याचे?" चांगोजीने विचारले.

"कोणी विचारलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी नागोजी निघाले. बरोबर कोणी नव्हते. राणूबाईने भाकरी बांधून दिली.

सांजेला चांगोजी नगारखान्यावर चढला. त्याने रीतीप्रमाणे किताब गाळून, बापाच्या नावासह, प्रत्येकाला तीनदा हाक दिली. तुळाजी सिदोजी सांगळे. नागोजी रायाजी खराडे.

ही दोन्ही नावे हाकेत अजून आहेत. ओ आलेली नाही.