ठपक्याचा घोडा

आधी त्याच्या घोड्याने माझ्या टोपलीतली अंजिरं खाल्ली, मग त्याने माझ्याकडे पाहिलं. आमची ओळख ही अशी!

"अहो स्वार! घोड्याला उपाशी ठेवता वाटतं?"

"घोडा सरकारी पैशाचा आहे, बाई. भूकही सरकारी, कधी भागतच नाही."

"आणि तुमची?"

"माझी... मला अजून कुणी विचारलंय कुठे?"

मेला! मला हसूच आवरेना. त्याचं नाव नुमेरियस, घोड्याचं कोर्वस. मग मी रोजच अंजिरं आणायला निघू लागले. आईला कोडं पडलं, एवढी खातं कोण?

बाबांनाही तो पसंत होता. "तपासणीतून सुखरूप निघू दे, मग बोलणी करू," म्हणाले.

तपासणी सेन्सरांची, म्हणजे दर पाच वर्षांनी नेमल्या जाणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांची. त्यांच्या कामाला आम्ही 'सेन्सुरा' म्हणतो. मूळ अर्थ नुसती मोजदाद... माणसांची, गुरांची, शेतांची. पण मोजता मोजता ते माणसाच्या वागण्याचंही माप काढू लागले. आता तो शब्द ऐकला की मोजदाद कुणाला आठवत नाही, ठपकाच आठवतो. प्रत्येक स्वाराने चौकात घोडा घेऊन त्यांच्यापुढे यायचं. वागणं चोख असेल तर म्हणतात, "घोडा पुढे ने." नसेल तर, "घोडा विकून टाक." संपली अब्रू.

तपासणीच्या आदल्या दुपारी पावसाच्या सरीने आम्हाला देवळाच्या खांबांआड गाठलं. त्याने माझ्या कपाळावरची ओली बट बाजूला केली... आणि तिथेच ओठ टेकवले. भर दिवसा! कुणीतरी पाहिलंच. डोक्यावरून शाल होती म्हणून मी वाचले. त्याचा घोडा मात्र सगळ्या गावाला ठाऊक.

"उघड्यावर मुलीचं चुंबन घेतलंस?" दुसऱ्या दिवशी चौकात सेन्सरने विचारलं.

"घेतलं."

"कोण ती? नाव सांग, घोडा राहील तुझा."

मी बाबांशेजारी उभी होते. एक पाऊल पुढे टाकलं, तशी त्याने हलकेच मान हलवली... नको.

"नाव नाही सांगणार."

"मग घोडा विकून टाक."

"बरं झालं, पोरी," बाबा पुटपुटले, "वेळेवर कळलं. असल्या उनाडाच्या गळ्यात बांधणार होतो तुला."

संध्याकाळी मी त्याला गाठलं. "वेडा आहेस का तू? सांगून टाकायचं होतंस!"

"माझ्यावरचा ठपका पाच वर्षांनी नवे सेन्सर पुसू शकतात. मुलीच्या नावावरचा कोण पुसतो, वेतुरिया?" मग चाचरत म्हणाला, "थांबशील...?"

"न थांबून काय करू? अंजिरं कुणाला चारू?"

तो हसला. तेवढंच. पायदळात भरती होऊन समुद्रापलीकडे हिस्पानियाच्या लढाईवर गेला. कोर्वसला एका पिठवाल्याने घेतलं, डोळ्यांवर पट्टी बांधून जात्याला जुंपलं. मी रोज त्याला अंजिरं चारायला जायचे आणि आलेलं प्रत्येक स्थळ मोडायचे. बाबा बोलून बोलून थकले.

चौथ्या हिवाळ्यात सांगावा आला. नुमेरियस परत येणार नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून रडले. कुणासाठी, ते घरात सांगायचीही सोय नव्हती.

पुढच्या तपासणीत त्याचा ठपका पुसला गेला. सरकारदरबारी तो अजून जिवंतच होता ना! चौकात त्याच्या नावाचा पुकारा झाला. कुणी पुढे येईना. पुन्हा पुकारा झाला. कुणीतरी खुसखुसलं.

तेव्हा मी गर्दीतून निघाले, कोर्वसचा लगाम धरून. पिठवाल्याच्या हातापाया पडून एका सकाळपुरता मागून आणला होता.

"कुणाचा हा घोडा?"

"नुमेरियसचा. तो हिस्पानियात गेला... कायमचा."

"आणि तू कोण?"

मी डोक्यावरची शाल खाली केली. "मागच्या वेळी ज्या मुलीचं नाव त्याने सांगितलं नाही, ती मी. वेतुरिया."

बाबांनी डोळे मिटून घेतले. सेन्सर बराच वेळ घोड्याच्या पाठीवरचं पीठ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला,

"घोडा पुढे ने."

कोर्वस चालू लागला, पण जात्याच्या सवयीने गोल वळू पाहत होता. मी लगाम घट्ट धरला आणि त्याला सरळ पुढे नेलं.